छत्री कुणाच्या हातात? व्हेनिसचा घेट्टो आणि आपली वाट

जो माणूस आपल्याला शहर दाखवतो, तोच ते शहर आपल्यापासून लपवतही असतो. दोन-तीन तासांच्या फेरीत कुठे वळायचे, कुठे थांबायचे आणि कुठल्या दारासमोरून न बोलता पुढे निघायचे, हे ज्याच्या हातात छत्री असते तो ठरवतो. मागून चालणाऱ्याला वाटते, आपण शहर पाहिले. प्रत्यक्षात त्याने शहराची आत्मस्तुती ऐकलेली असते.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. आपली मुले-मुली आता युरोपात जात आहेत. कुणी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, कुणी नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीवर, कुणी नोकरीच्या निमित्ताने. सुट्टी मिळाली की चार-पाच जण वर्गणी काढतात, व्हेनिस गाठतात, दोन-तीन तासांसाठी स्वतःचा गाईड घेतात आणि पायी शहर पाहतात. मग व्हॉट्सॲपवर फोटो येतात. गोंडोला, कबुतरे, रिआल्तोचा पूल, मुखवटे.

त्या फोटोंवर माझा आक्षेप नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावातल्या रस्त्याने ताठ मानेने चालायची चोरी होती, त्यांच्या नातवंडांनी सान मार्कोच्या चौकात छाती पुढे काढून चालावे, याहून आनंदाची गोष्ट कोणती? आक्षेप एवढाच आहे की पाय आपले असतात आणि डोळे दुसऱ्याचे. आंबेडकरी माणसाने जगातले कुठलेही शहर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू नये. आणि खासगी टूरमध्ये तर तशी सक्तीही नसते. पन्नास जणांच्या बसमध्ये बसलात तर वाट कंपनीची असते. चौघांनी मिळून गाईड ठरवलात तर वाट तुम्ही सांगू शकता. मग ती का सांगत नाही?

व्हेनिसच का, असे कुणी विचारेल. कारण माणसांची वस्ती कोंडण्यासाठी जगभर जो शब्द वापरला जातो, तो ‘घेट्टो’ हा शब्द या शहराने दिला. आणि बाबासाहेबांनी तोच शब्द उचलून भारतातल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीला लावला. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या एका लेखनाचे नावच ‘द अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेट्टो’ असे आहे. आपण भारताच्या घेट्टोची लेकरे आहोत, असे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांचे अनुयायी मूळ घेट्टोच्या गावी जातात आणि घेट्टो न बघता परततात. गंमत नाही, ही हार आहे.

चला, तीच नेहमीची वाट आपण आपल्या डोळ्यांनी चालू.

प्रजासत्ताक, पण कुणाचे?

फेरी बहुधा सान मार्कोच्या चौकातून सुरू होते. समोर ड्यूकचा राजवाडा. गाईड सांगतो की हे हजार वर्षे टिकलेले प्रजासत्ताक होते, इथे राजा नव्हता, इथला प्रमुख निवडून यायचा. ऐकून आपल्याला बरे वाटते. इथेच पहिला प्रश्न विचारायचा: निवडून देणारे कोण होते?

१२९७ मध्ये व्हेनिसच्या महापरिषदेचे दार ठराविक घराण्यांसाठी राखून बाकीच्यांना बंद करण्यात आले. त्या घटनेला इतिहासात ‘सेर्राता’ म्हणजे ‘बंद करणे’ असेच नाव आहे. पुढे १५०६ पासून या घराण्यांत जन्मलेल्या मुलांची नोंद सरकारी वहीत होऊ लागली, आणि काही वर्षांनी त्यांच्या लग्नांचीही. त्या वहीला म्हणत ‘सोनेरी पुस्तक’. राज्य करण्याची पात्रता म्हणजे त्या वहीत नाव असणे. जन्म तपासा, लग्न तपासा, मग माणूस पात्र की अपात्र ते ठरवा. जातीची शिकवण घ्यायला आपल्याला व्हेनिसला जायची गरज नाही. पण जन्माच्या वहीवर चालणाऱ्या राज्यालाही ‘प्रजासत्ताक’ म्हणता येते, हे मात्र तिथे उभे राहून समजून घेण्यासारखे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जो इशारा दिला, तो हाच. राजकीय समता कागदावर आली आणि सामाजिक विषमता तशीच राहिली, तर ते प्रजासत्ताक फार काळ टिकणार नाही. व्हेनिस टिकले, असे कुणी म्हणेल. टिकले, पण कुणाच्या पाठीवर? ते पुढे पाहू.

याच चौकात ऑक्टोबर १५५३ मध्ये पुस्तकांची होळी झाली होती. ज्यूंचा तालमुद हा ग्रंथ घराघरांतून गोळा करून इथे जाळला गेला. त्याच व्हेनिसमध्ये तीस वर्षांपूर्वी दानिएल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण तालमुद पहिल्यांदा छापला होता. म्हणजे ज्या शहराने तो ग्रंथ छापून पैसा आणि नाव कमावले, त्याच शहराने तो जाळला.

इथे आपला एखादा सवर्ण मित्र हमखास म्हणणार, ‘तुम्ही तरी काय वेगळे केले? मनुस्मृती जाळलीच ना?’ उत्तर तयार ठेवा. व्हेनिसमध्ये सत्तेने दुबळ्यांचा ग्रंथ जाळला, त्यांचे ज्ञान हिसकावण्यासाठी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दुबळ्यांनी सत्तेचा ग्रंथ जाळला, स्वतःच्या पायातली बेडी तोडण्यासाठी. आग दोन्हीकडे होती. पण घराला लावलेली आग आणि बेडी वितळवणारी आग यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला तो कळून घ्यायचाच नसतो.

‘चाओ’ आणि जोहार

राजवाड्यासमोरच्या धक्क्याचे नाव ‘रीवा देल्यी स्क्यावोनी’. स्क्यावोनी म्हणजे स्लाव्ह लोक, समुद्रापलीकडच्या दाल्मेशियाहून येणारे व्यापारी आणि खलाशी. युरोपातल्या अनेक भाषांमध्ये ‘गुलाम’ या अर्थाचा शब्द याच ‘स्लाव्ह’वरून आला, कारण मध्ययुगात या लोकांना पकडून विकले जाई. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जहाजे काळ्या समुद्रावरून धान्य आणि कातडे आणत, तशी माणसेही आणत.

आता एक शब्द ऐका. इटलीत पाऊल ठेवल्यापासून तुम्ही तो दिवसातून वीस वेळा बोलता: ‘चाओ’. भेटताना चाओ, निघताना चाओ. हा शब्द व्हेनिसच्या बोलीतला आहे. ‘मी तुमचा गुलाम’ अशा अर्थाच्या आदबीच्या वाक्याचे ते झिजलेले रूप. गंमत म्हणून गाईड हे सांगतो आणि सगळे हसतात. आपल्याला हसू येता कामा नये. आपल्याकडे महाराने पाटला-देशमुखाला घालायचा ‘जोहार’ होता. त्याचा अर्थ आणि त्यामागचे वाकलेले अंग आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत होते.

फरक कुठे पडला? व्हेनिसचा शब्द झिजून गोड झाला, त्यातला गुलाम विसरला गेला. आपण जोहार झिजू दिला नाही. तो टाकला, आणि त्याच्या जागी ‘जय भीम’ आणले. एक शब्द विसरून मोकळा झाला, दुसरा लढून बदलला. तुमच्यासोबत फिरणाऱ्या इटालियन मित्राला हे जरूर सांगा. त्याला त्याच्या शब्दाची गोष्ट कळेल आणि तुमच्या शब्दाचीही.

पुढे अकादेमिया संग्रहालयात विट्टोरे कार्पाच्चोचे १४९४ च्या सुमाराचे एक मोठे चित्र आहे, जुन्या लाकडी रिआल्तो पुलाजवळचे. त्यात कालव्यातली एक गोंडोला एक काळा माणूस हाकतो आहे. आज गोंडोला म्हटले की पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला गोरा इटालियन डोळ्यांसमोर येतो. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने आफ्रिकेतून आलेला नावाडी पाहिला होता आणि रंगवला होता. त्या काळात आफ्रिकी माणसे व्हेनिसमध्ये गुलाम म्हणून आणली जात. चित्रात आहेत ती माणसे, फेरीतून मात्र गायब आहेत.

दाराची भोके

आता मुख्य थांबा. सांता लुचिया रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळले, कान्नारेजो कालव्यावरचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत घेट्टो येतो. म्हणजे बहुतेक प्रवासी व्हेनिसमध्ये उतरतात ते घेट्टोपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याला पाठ दाखवून सान मार्कोकडे निघतात.

कालव्याकाठी घरांच्या रांगेत एक बुटका बोगद्यासारखा मार्ग आहे. त्याच्या दगडी चौकटीवर हात फिरवा. बिजागऱ्यांची भोके लागतील. इथे दार होते.

२९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सिनेटने ठराव केला की शहरातल्या ज्यूंनी एकाच बेटावर राहायचे. आधीच्या युद्धात मुख्य भूमीवरून अनेक ज्यू कुटुंबे जीव मुठीत धरून शहरात आली होती. धर्मोपदेशक लोकांना सांगत होते की यांच्यामुळे देवाचा कोप होतो. मग ज्या बेटावर पूर्वी तोफा ओतण्याचा कारखाना होता, ते बेट निवडले गेले. ओतशाळेला व्हेनिसच्या बोलीत ‘जेतो’ म्हणत. त्यावरूनच ‘घेट्टो’ शब्द आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुरुवातीला सुमारे ७०० माणसे तिथे नेऊन घातली.

आता तपशील नीट वाचा, कारण अन्यायाची ओळख तपशिलात पटते. बेटावरच्या ख्रिस्ती भाडेकरूंना हलवले आणि ज्यूंकडून त्याच घरांचे भाडे एक तृतीयांश वाढवून घेतले. घर विकत घ्यायची त्यांना परवानगी नव्हती. संध्याकाळी दारे बंद, सकाळी सान मार्कोच्या मोठ्या घंटेचा ठोका पडला की उघडी. दारावर चार ख्रिस्ती पहारेकरी, भोवतालच्या कालव्यांत गस्तीच्या नावा, आणि या सगळ्यांचा पगार द्यायचा तो आत कोंडलेल्या ज्यूंनी. स्वतःच्या तुरुंगाचे भाडे स्वतः भरा, शिपायाचा पगारही भरा. बाहेर फिरताना अंगावर पिवळी खूण, पुढे पिवळी टोपी. रात्री बाहेर पडायची मुभा मुख्यतः वैद्यांना, कारण उमरावाच्या घरी कुणी आजारी पडले की ज्यू वैद्य लागे. नाडी बघायला तो चालतो, शेजारी राहायला चालत नाही. ओळखीचे वाटते ना?

धंदेही ठरवून दिलेले. जुने कपडे विकणे, वैद्यकी आणि गहाणवटीवर कर्ज देणे. शहरातल्या गरिबांना सरकारने ठरवलेल्या व्याजाने कर्ज देणाऱ्या पेढ्या चालवणे ही तर ज्यूंच्या मुक्कामाची अटच होती. त्यांतल्या एका पेढीची जागा, ‘बांको रोस्सो’, आजही दाखवतात. आधी एका समाजाला सावकारीशिवाय दुसरा धंदा ठेवायचा नाही, आणि मग ‘हे लोक सावकारच’ म्हणून थुंकायचे. शेक्सपिअरने व्हेनिसचा ज्यू सावकार जगभर बदनाम केला, पण त्याच्या नाटकात घेट्टोचा उल्लेखही नाही. सावकार दिसतो, त्याच्या दाराचे कुलूप दिसत नाही. आपल्याकडे मेलेली ढोरे ओढायला लावून ‘हे ढोरे ओढतात म्हणून बाटगे’ म्हणणाऱ्यांची युक्ती हीच होती.

चौकात उभे राहून वर बघा. इतर व्हेनिसमध्ये न दिसणारी सात-आठ मजल्यांची घरे इथे दिसतात. जागा वाढवून मिळेना, माणसे वाढत गेली, म्हणून मजल्यावर मजले चढले आणि छते इतकी बुटकी झाली की उंच माणसाने वाकावे. सतराव्या शतकात या एवढ्याशा जागेत सुमारे ५,००० माणसे होती. पाच प्रार्थनास्थळे आहेत, पण बाहेरून कळत नाहीत. ती वरच्या मजल्यांवर दडलेली आहेत.

आणि तरीही तिथे विचार जिवंत होता. सार्रा कोपिया सुल्लाम नावाची कवयित्री याच घेट्टोत राहत होती. तिच्या घरी ज्यू आणि ख्रिस्ती विद्वान चर्चेला येत. ही बाई आत्म्याचे अमरत्व मानत नाही, असा आरोप एका ख्रिस्ती धर्मगुरूने केला, तेव्हा १६२१ मध्ये तिने स्वतःच्या नावाने जाहीरनामा छापून त्याला उत्तर दिले. कोंडलेल्या वस्तीतली एक बाई छापील शब्दाने उत्तर देते. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त निबंध छापून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारणारी आमची मुक्ता साळवे आठवल्याशिवाय राहत नाही.

बाहेर पडण्याआधी भिंतीतला एक दगड वाचा. साल १७०४. जे ज्यू धर्मांतर करून ख्रिस्ती झाले आहेत, त्यांनी घेट्टोत पाऊल ठेवू नये, अशी त्यावर बंदी कोरली आहे. मोडली तर तुरुंग, फटके, जहाजावर वल्हे मारण्याची शिक्षा. चुगली करणाऱ्याला १०० दुकाती बक्षीस, तेही गुन्हेगाराच्याच मालमत्तेतून. म्हणजे एकेकट्याने धर्म बदलला तर दार उघडायचे, पण मागे राहिलेल्या आई-बापांचे, भावंडांचे दार त्याला कायमचे बंद. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात एकट्याने बौद्ध होऊन घरी जाणे का पत्करले नाही, लाखोंना सोबत का घेतले, हे ज्याला अजून उमजले नसेल त्याने हा दगड वाचावा. एकट्याची सुटका ही कैदखान्याला परवडते. सगळी वस्तीच उठून चालू लागली तर पहारेकऱ्याला काम उरत नाही.

‘तिकडेही होतेच की’

घेट्टोची गोष्ट सांगितली की दोन प्रकारचे लोक तिचा दुरुपयोग करतात.

पहिला प्रकार म्हणतो, ‘बघा, तिकडेही होतेच. भेदभाव सगळ्या जगात असतो, आमच्याच संस्कृतीला का बोलता?’ यांना शांतपणे सांगा की होय, होता. पण घेट्टोला तारीख होती, ठराव होता, कुलूप होते. म्हणून ते मोडण्याचाही दिवस आला. १० जुलै १७९७ रोजी, नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिस घेतल्यानंतर, ती दारे उखडून चौकात जाळली आणि लोक स्वातंत्र्याच्या झाडाभोवती नाचले. आमच्या गावकुसाला ठराव नव्हता, कारण तो धर्मच होता. लाकडी दार नव्हते, म्हणून जाळायला हाताशी काही नव्हते. दार माणसांच्या डोक्यात होते. शिवाय घेट्टोत ज्यूंकडे पुस्तक होते, पादुआच्या विद्यापीठातून ज्यू वैद्य पदवी घेऊन येत. आमच्या पूर्वजांकडून अक्षरच काढून घेतले होते. तेव्हा तुलना करायची तर पुरती करा.

आणि वेळापत्रकाचीच तुलना करायची असेल तर तीही घ्या. व्हेनिसने रात्री ज्यूंना आत कोंडले. पेशवाईत सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीत मज्जाव होता, कारण त्या वेळी सावली लांब पडते. ही नोंद घुर्ये यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने केलेली आहे. व्हेनिसला माणसाच्या देहाची भीती होती. पुण्याला सावलीची.

दुसरा प्रकार आपल्यातलाच आहे. त्याला युरोप म्हणजे समतेचा स्वर्ग वाटतो. फ्रेंच राज्यक्रांती झाली, दारे जळली, संपले! संपले नाही. त्याच वर्षी नेपोलियनने व्हेनिस ऑस्ट्रियाला देऊन टाकले आणि अनेक निर्बंध परत आले. १८४८ च्या उठावात दानिएले मानिनच्या सरकारने समान हक्क दिले, ते सरकार पडले. या मानिनचे आजोबा ज्यू होते आणि धर्मांतर करून त्यांनी नवे आडनाव घेतले होते. पूर्ण नागरी समता आली १८६६ मध्ये, व्हेनिस इटलीत सामील झाल्यावर. पुढे बहात्तर वर्षांनी, १९३८ मध्ये, मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी ज्यू मुलांना शाळेतून आणि प्राध्यापकांना विद्यापीठातून हाकलले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्य आले आणि ज्यू समाजाचे अध्यक्ष, वृद्ध डॉक्टर जुझेप्पे जोना यांच्याकडे माणसांच्या नावांची यादी मागितली गेली. त्यांनी यादी दिली नाही. १७ सप्टेंबरला त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. तरीही सुमारे २५० माणसे पकडून छळछावण्यांकडे पाठवली गेली. त्यांत वृद्धाश्रमातले म्हातारेही होते. परतले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

बाबासाहेबांना हे दिसत होते. १९४३ मध्येच, युरोपात ज्यूंची कत्तल चालू असताना, त्यांनी लिहिले की नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचा अस्पृश्यांविषयीचा व्यवहार यांत विचाराने काही फरक नाही. तेव्हा दार उघडले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्याने घेट्टोच्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे. उघडलेले दार पुन्हा बंद करता येते. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली म्हणून ज्यांना निवांत झोप लागते, त्यांनी तर दहा मिनिटे उभे राहावे.

किल्ली कुणाकडे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. घेट्टो आज पाहायला मिळतो तो व्हेनिस शहराच्या मोठेपणामुळे नाही. तिथले ज्यू संग्रहालय आणि प्रार्थनास्थळे ज्यू समाजाने सांभाळली आहेत. ती पाहायची तर संग्रहालयाच्या फेरीतूनच जावे लागते. चौकाच्या भिंतीवर आर्बिट ब्लातास या ज्यू शिल्पकाराने घडवलेले कांस्यफलक आहेत. गल्ल्यांच्या फरसबंदीत पितळेचे छोटे चौकोन बसवले आहेत, एकेका माणसाचे नाव, जन्मसाल, अटकेचा दिवस, मृत्यूची जागा. ज्या दारातून त्याला ओढून नेले, त्याच दारासमोर ते बसवतात. चालणाऱ्याची नजर अडली पाहिजे, वाकून नाव वाचले पाहिजे. वाकायचे ते आता जाणाऱ्या-येणाऱ्याने.

याचा अर्थ काय? कोंडलेल्यांच्या वारसांनी किल्ली आपल्या हातात घेतली. आपली गोष्ट आपण सांगायला सुरुवात केली, तिचे तिकीट लावले, तिचा गाईड तयार केला. शहराला मग ती वाट आपल्या नकाशावर घ्यावी लागली.

आणि आपण? पुण्यात-मुंबईत हेरिटेज वॉक निघतात. वाडे, मंदिरे, खाण्याची जुनी दुकाने. त्या वाटेवर महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद किती वेळा येतो? परळच्या बीआयटी चाळीतली बाबासाहेबांची खोली, दादरचे राजगृह, फोर्टातले सिद्धार्थ महाविद्यालय, ही वाट आपण स्वतः दर रविवारी का चालवत नाही? २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये हजारो माणसे शिस्तीने चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. सार्वजनिक रस्त्यावरून सार्वजनिक पाण्यापर्यंत चालणे, एवढेच. या देशातली सगळ्यात मोठी पदयात्रा ती आहे, आणि तिची पावलोपावली माहिती सांगणारे किती तरुण आपण तयार केले?

तेव्हा काय करायचे ते सांगतो. युरोपातल्या कुठल्याही शहरात गाईड घ्याल तर पैसे भरण्याआधी निरोप पाठवा: आम्हाला फक्त राजवाडे नकोत. या शहरात कुणाला कोंडले होते, कुणाला विकले होते, रात्री कुठले दार कुणावर बंद व्हायचे, ते दाखवा. इटलीत गाईडला परवाना लागतो, त्यासाठी अभ्यास करावा लागतो. त्याला हे माहीत असते. तो बोलत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. व्हेनिसने ऑगस्ट २०२४ पासून गटात पंचवीसहून अधिक माणसे आणि लाऊडस्पीकर यांना बंदी केली आहे. लहान गटात प्रश्न विचारायला जागा असते, ती वापरा.

आजचाही प्रश्न विचारा. जुन्या व्हेनिसमध्ये १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. आज पन्नास हजारही उरलेली नाहीत. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या प्रवाशाकडून पाच युरो घेणे सुरू झाले. मग हॉटेलच्या खोल्या झाडणारे, भांडी घासणारे हात राहतात कुठे? पुलापलीकडे, मेस्त्रेत. त्यांत मोठ्या संख्येने बांगलादेशी आहेत. सकाळी आत यायचे, काम करायचे, रात्री बाहेर. आता घंटा वाजत नाही, घरभाडे वाजते. ज्याच्या अंगात आपले रक्त आहे त्याने त्या पोऱ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय कॉफी पिऊन उठू नये.

आणि परत आल्यावर फोटोंसोबत एक पान लिहा. काय पाहिले, काय लपवले होते, कुणी सांगितले. ते पान आपल्या विहारात, वसतिगृहात, अभ्यासवर्गात वाचा. मग त्याच पोरापोरींनी आपल्या तालुक्यात, आपल्या शहरात पहिली फेरी काढावी. वेशीपासून सुरू करावी, पाणवठ्यावर थांबावे, वस्तीत संपवावी. नावे घ्यावीत. खैरलांजीचे नाव घ्यावे. लोक नाके मुरडतील, ‘सुट्टीच्या दिवशी कशाला हे’ म्हणतील. म्हणू द्या. व्हेनिसमध्येही पितळी चौकोनावरून लोक आधी न बघताच चालत गेले असतील.

छत्री उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे उभे राहायचे, हात वर करायचा आणि म्हणायचे, ‘इकडून या.’

जय भीम!